फुकटच्या सॉफ्टवेअरची दिवाबत्ती कोण करणार?

मार्चअखेरीला दुकानाचे हिशेब मिटवत असताना खर्चाच्या बाजूला आम्हाला एक नवीनच नोंद दिसली. ‘सॉफ्टवेअरला देणगी, रुपये २,०००.’ कॉम्प्युटरचे काम पुतण्या पाहतो. त्याला विचारले, “हे कशाचे? हा प्रोग्रॅम फुकट आहे असे तूच सांगत होतास ना?” तो म्हणाला, “फुकटच आहे, चाचा. म्हणून तर पाठवले.”

आमचे धाकटे बंधू दुकानात निम्मे भागीदार आहेत. ते म्हणाले, “ज्याने बिल पाठवले नाही त्याला पैसे देणे, हा कुठला व्यापार?” आटपाडीच्या पेठेत वर्षानुवर्षे कापड विकणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारावा हे रास्तच आहे. आम्हालाही त्याचे उत्तर लगेच सुचले नाही. मग चार जाणत्या माणसांकडून माहिती घेतली, पुतण्याला बसवून समजावून घेतले. जे समजले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत. कारण हा प्रश्न आमच्या एकट्याच्या दुकानाचा नाही. तुमच्या खिशातला मोबाईलही असल्या फुकटच्या मालावरच चालतो.

सदरा आणि फर्मा

प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या हुकमांची लांबलचक यादी. माणूस ती लिहितो तेव्हा ती वाचता येते. यंत्रात घालताना तिचे आकड्यांत रूपांतर होते, मग ती माणसाला वाचता येत नाही. बहुतेक कंपन्या आपल्याला हा दुसरा, बंद प्रकार विकतात. म्हणजे शिवलेला सदरा मिळतो, पण ज्यावरून कापला तो फर्मा कंपनीच्या कपाटात राहतो. सदरा दंडात घट्ट झाला तर पुन्हा त्याच कंपनीकडे जावे लागते.

ओपन सोर्स म्हणजे सदऱ्याबरोबर फर्माही हाती देणे. वर लेखी परवानगी असते की वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. इंग्रजीत याला ‘फ्री’ म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत ‘मुफ्त’ वेगळा आणि ‘आझाद’ वेगळा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ही चळवळ सुरू केली ती ‘आझाद’ या अर्थाने. लोकांनी मात्र ‘मुफ्त’ एवढेच ध्यानात ठेवले.

फर्मा हाती असण्याची किंमत आम्ही नुकसान सोसून शिकलो. २००९ साली आम्ही बिलांचा एक प्रोग्रॅम विकत घेतला. त्याबरोबर बोटाएवढी एक चावी मिळाली. ती मशीनला लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. आठ वर्षे काम ठीक चालले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आमच्यासारख्या दुकानदारांना पहिल्यांदाच साध्या कापडावर ५ टक्के कर लावून बिल करायची पाळी आली. प्रोग्रॅम बदलून घ्यावा म्हणून विकणाऱ्याला शोधले, तर त्याने तो धंदाच बंद केला होता. त्याच सुमारास चावीही बिघडली. आठ वर्षांची उधारी-वसुली एका बंद पेटीत अडकली. आम्ही दोघा भावांनी आणि दिवाणजींनी छापील कागदांवरून एकेक नाव पुन्हा चढवले. त्यात सहा आठवडे गेले. ज्यांचे कागद सापडले नाहीत, त्यांची उधारी सोडून द्यावी लागली. माणूस वाईट नव्हता. पण फर्मा त्याच्या एकट्याजवळ होता. तो गेला, फर्माही गेला.

त्यानंतर पुतण्याने आमची बिले ईआरपीनेक्स्ट नावाच्या खुल्या प्रोग्रॅमवर आणि मालाच्या याद्या, पत्रे लिब्रेऑफिसवर नेली. दोन्हींचा फर्मा खुला आहे. उद्या एक दुरुस्त करणारा गेला तर दुसऱ्याला बोलावता येते.

ताणा कोणाला दिसतो?

साडी घ्यायला आलेले गिऱ्हाईक काय पाहते? काठ पाहते, पदर पाहते, बुट्टी पाहते. ताण्याचा धागा कोणी पाहत नाही. पण ताणा कच्चा निघाला तर काठ आणि बुट्टी काय कामाची?

सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. आपण वापरतो ते वरचे प्रोग्रॅम, म्हणजे काठ आणि पदर. त्यांच्याखाली अनेक लहान-मोठे प्रोग्रॅम ताण्यासारखे घातलेले असतात. त्यांची नावे आपण ऐकलेली नसतात. यातले बरेच खुले आहेत आणि मोठमोठ्या कंपन्याही तेच वापरतात. जे एकाने उत्तम करून सर्वांना दिले, ते प्रत्येकाने पुन्हा कशाला करावे?

एक उदाहरण आमच्या विशेष आवडीचे. मोबाईलवर तुम्ही मराठी वाचता, त्यातली जोडाक्षरे, वेलांट्या, रफार आपापल्या जागी बसतात. उर्दू वाचता तेव्हा हर्फ एकमेकांना नीट जोडले जातात. अँड्रॉइड फोन, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांमध्ये हे काम ‘हार्फबझ’ नावाचा एक खुला प्रोग्रॅम करतो. नाव इंग्रजी वाटते, पण ते फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाज़’ म्हणजे खुले. याचे मुख्य कारागीर बेहदाद एस्फाहबोद हे इराणमध्ये जन्मलेले. त्यांनी रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांत नोकरी करत असताना हे काम वाढवले. आटपाडीतला दुकानदार मराठीत व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि त्याची बहीण त्याला उर्दूत उत्तर देते, त्या दोघांमध्ये हा खुला हर्फ उभा असतो. दोघांनाही त्याची खबर नसते.

आता प्रश्न असा की, ज्याची कोणाला खबर नाही त्याचा मेहनताना कोण देणार?

दोन हजार डॉलरचे कुलूप

या प्रश्नाचे उत्तर जगाला २०१४ मध्ये मोठा झटका देऊन मिळाले. इंटरनेटवर बँकेशी किंवा दुकानाशी व्यवहार करताना आपली माहिती वाटेत कोणी वाचू नये म्हणून तिला कुलूप लावतात. जगातल्या कितीतरी कंपन्या त्यासाठी ‘ओपनएसएसएल’ नावाचे खुले कुलूप वापरत होत्या आणि आजही वापरतात. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाले की या कुलपात एक मोठी चूक आहे. तिला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले.

चूक साधी होती. समजा, एका माणसाने मुनीमजींना सांगितले, “मी पाचशे अक्षरे बोललो, ती मला परत वाचून दाखवा.” प्रत्यक्षात तो बोलला तीनच अक्षरे. मुनीमजींनी मोजून न पाहता तीन अक्षरे वाचली आणि पाचशे भरेपर्यंत पुढची वही वाचत सुटले. त्या वहीत इतर गिऱ्हाइकांची खाती होती. असा प्रकार तब्बल दोन वर्षे चालू शकत होता, कारण ही चूक असलेली आवृत्ती मार्च २०१२ मध्ये बाहेर पडली होती. जगातील सुमारे पाच लाख सर्व्हरना तिचा धोका होता असा अंदाज तेव्हा देण्यात आला.

मग लोकांनी चौकशी केली की एवढ्या महत्त्वाच्या कुलपाचा कारखाना चालवतो कोण? कळले की पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच. बाकीचे आपापली नोकरी सांभाळून हातभार लावणारे. आणि वर्षाला मिळणारी देणगी सुमारे २,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वा लाख रुपयांच्या आत. आपल्याकडे चांगल्या दुकानातला दिवाणजी यापेक्षा जास्त घरी नेतो.

ज्या कंपन्या या कुलपाच्या जोरावर अब्जावधींचा व्यापार करत होत्या, त्यांनी फसवणूक केली असे नाही. परवानगी फुकट वापराची होती. पण व्यापाराचा एक साधा नियम त्या विसरल्या. ज्या खांबावर आपले छत आहे, तो दुसऱ्याच्या जागेत असला तरी त्याला वाळवी लागू देऊ नये. झटका बसल्यावर लिनक्स फाउंडेशनने एक निधी उभा केला. अ‍ॅमेझॉन, फेसबुक, गूगल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला एक लाख डॉलर, तीन वर्षे द्यायचे कबूल केले. हेच काम आग लागण्यापूर्वी झाले असते तर स्वस्तात पडले असते.

इमारतीला चंदा, दिवाबत्तीला नाही

ज्यांनी कुठल्याही कमिटीवर काम केले आहे, मग ती मशिदीची असो, शाळेची असो वा तालमीची, त्यांना हे नवीन वाटणार नाही. नवी इमारत बांधायची म्हटले की चंदा जमतो. पायाभरणीला माणसे येतात, फरशीवर नाव कोरले जाते. पण पुढच्या वर्षी मोटर जळाली, गच्ची गळू लागली, लाईटचे बिल आले की कमिटीचे लोक स्वतःच्या खिशात हात घालतात.

जुन्या लोकांना ही गोष्ट पक्की माहीत होती. म्हणून नुसती इमारत बांधून ते थांबत नसत. मशिदीला, दर्ग्याला, देवळाला दिवाबत्तीसाठी म्हणून इनाम जमीन लावून देत. वक्फ करणारे इमारतीबरोबर चार गाळे देत, गाळ्यांच्या भाड्यातून देखभाल होई. म्हणजे बांधकामाचा पैसा वेगळा आणि चालवण्याचा वेगळा, हे त्यांनी आधीच ठरवलेले असे.

आपल्या तालुक्याने हाच धडा पाण्यावरून घेतला. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडीपर्यंत आणायचे, ही योजना बांधायला सरकारचा मोठा पैसा लागला. पण पंप फिरायला रोज वीज लागते. वीजबिल थकले, पंप थांबले, अशा बातम्या आपण किती वेळा वाचल्या! कालवा समोर आहे, पंप समोर आहे, पाणी मात्र नाही.

असाच प्रसंग सॉफ्टवेअरच्या दुनियेतही घडला. कॅनडात चालणारी ओपनबीएसडी नावाची एक खुली योजना आहे. दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित काम करण्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘ओपनएसएसएच’ हा प्रोग्रॅम याच मंडळींचा. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केले की यंत्रांचे वर्षाचे वीजबिल सुमारे २०,००० डॉलर आहे, ते भरायला पैसे नाहीत, मदत आली नाही तर काम बंद पडेल. अर्ध्या जगाचे तंत्रज्ञ ज्यांची वस्तू रोज वापरतात, ते वीजबिलासाठी हात पसरत होते! बातमी पसरल्यावर रोमानियातल्या एका धंदेवाल्याने बिलाएवढी रक्कम दिली, इतरांनीही दिली आणि १,५०,००० डॉलरचे उद्दिष्ट त्याच वर्षी गाठले गेले. लोक द्यायला तयार होते. पण कोणी सांगेपर्यंत बिल थकले आहे हे त्यांना माहीतच नव्हते.

थकलेला कारागीर

पैसा नसला की यंत्र थांबते. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे माणूस थकतो.

‘एक्सझेड’ नावाचा एक खुला प्रोग्रॅम आहे. आपण कापडाच्या गाठी दाबून बांधतो तशी तो माहिती दाबून लहान करतो. फिनलंडमधला एक माणूस तो कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होता, तेही बिनपगारी. २०२२ मध्ये काही अनोळखी लोक त्याला पत्रांतून टोचू लागले की काम फार सावकाश चालले आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. त्याने उत्तर दिले की आपली मनःस्थिती बरी नाही आणि हे काम हौसेचे आहे. तेवढ्यात ‘जिया तान’ या नावाचा एक मदतनीस पुढे आला. त्याने सुमारे दोन वर्षे मन लावून काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या हातात घेतल्या आणि मग हळूच आत चोरदरवाजा बसवला.

२९ मार्च २०२४ रोजी हा चोरदरवाजा जगापुढे आला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले आणि त्याने शोध घेतला म्हणून. तो माल सर्वदूर पोहोचण्याआधीच हे घडले, नाहीतर जगभरच्या सर्व्हरची दारे कोणाच्या तरी हाती गेली असती.

याचा अर्थ कारागीर बांधवांना समजावून सांगायला नको. उस्ताद एकटा, शागिर्द ठेवायला पैसा नाही, घरचा दुखवटा वेगळा, आणि दारात गिऱ्हाईक ओरडते आहे. अशा वेळी फुकट मदत करायला आलेल्या माणसाची चौकशी कोण करतो? त्या उस्तादाजवळ दोन भरवशाचे शागिर्द पगारावर असते तर गोष्ट वेगळी झाली असती. हे काम हार्टब्लीडनंतर दिलेल्या मोठ्या देणग्यांच्या यादीत बसले नव्हते, कारण तोवर त्याचे नाव कोणाला ठाऊकच नव्हते.

पैसा कोणकोणत्या वाटांनी येतो?

पहिली वाट लोकांच्या देणग्यांची. तिची नामी मिसाल म्हणजे ब्लेंडर, चलतचित्रे बनवण्याचा प्रोग्रॅम. तो बनवणारी हॉलंडची कंपनी २००२ मध्ये बुडाली. तिचे कर्ताधर्ता टॉन रोसेंडाल यांनी भांडवलदारांना विचारले की फर्मा सर्वांसाठी खुला करायला काय घ्याल? एक लाख युरो, असे उत्तर आले. लोकांकडे मागणी केली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर खुला झाला. पुढे त्यांनी देखभालीसाठी वेगळा कायमचा निधी काढला. त्यात साधी माणसे दरमहा थोडे आणि कंपन्या जास्त देतात, त्यातून कारागिरांचे पगार होतात. २०२५ मध्ये ज्या ‘फ्लो’ या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, तो ब्लेंडरवर बनला आहे. आमच्या पुतण्याने पैसे पाठवले ती लिब्रेऑफिसची बर्लिनमधली संस्था, द डॉक्युमेंट फाउंडेशन, हीसुद्धा मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते.

दुसरी वाट व्यापाराची, आणि तिचे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा. त्याला साजेसा हिशेबाचा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून ते स्वतः लिहायला बसले. त्यातून २००८ मध्ये कंपनी निघाली आणि ईआरपीनेक्स्ट उभा राहिला. फर्मा सर्वांना खुला, पण ज्याला तो त्यांच्या यंत्रावर चालवून हवा किंवा मदत हवी त्याने पैसे द्यायचे. सदरा फुकट, शिलाईचे दाम घ्या, असा हा हिशेब. इथे देणगीची वाट पाहावी लागत नाही. पण हे प्रत्येकाला जमत नाही. ज्याचे गिऱ्हाईक समोर दिसते त्याला शिलाई मागता येते. ताण्याचा धागा बनवणाऱ्याने कोणाकडे मागावी?

तिसरी वाट कमावणाऱ्याने आपल्या मिळकतीतून द्यायची. बंगळूरच्या झेरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. जगभरच्या खुल्या योजनांना मिळून वर्षाला दहा लाख डॉलर, एकेका योजनेला दहा हजारांपासून एक लाखापर्यंत. बदल्यात हिस्सा नाही, हुकूम नाही. त्यांचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांचे म्हणणे सरळ आहे की आमचा धंदा ज्या खुल्या मालावर उभा राहिला, त्याचे आम्ही देणे लागतो. जर्मनीच्या सरकारनेही २०२२ पासून असा निधी सुरू केला. रस्ता आणि पूल दुरुस्त करतो तसे हेही, अशी त्यामागची समजूत.

चौथी वाट जुन्या इनाम जमिनीसारखी. विकिपीडियाच्या संस्थेने २०१६ मध्ये एक कायमनिधी काढला. पुढच्या पिढ्यांच्या दिवाबत्तीची ही सोय. दहा वर्षांत दहा कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, ते २०२१ मध्येच जमले.

देणगीचे दोष

देणगी ही सर्व दुखण्यांवर दवा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ती लहरी असते. संकटाची बातमी आली की पाऊस पडतो, बातमी विरली की दुष्काळ. आपल्या तालुक्याला पावसाचा हा स्वभाव कोणी सांगायला नको. दुसरे, देणाऱ्याला नवी बुट्टी हवी असते. “माझ्या पैशातून अमुक नवी सोय करा,” असे तो सांगतो. जुना ताणा तपासा, असे कोणी सांगत नाही. तिसरे, सगळा पैसा एकाच मोठ्या दात्याकडून आला तर त्याच्या मर्जीप्रमाणे वागावे लागते. चौथे, ज्याचे नाव गाजते त्यालाच मिळते. एक्सझेडसारखा कोपऱ्यातला कारागीर उपाशी राहतो.

म्हणून जाणकार सांगतात की रक्कम थोडी असो, पण ठरलेली असावी, दरवर्षी यावी, आणि तिला अटी नसाव्यात. शंभर व्यापाऱ्यांचे दरसाल हजार रुपये हे एका व्यापाऱ्याच्या एकदाच दिलेल्या लाखापेक्षा मोलाचे, कारण त्यांच्या भरवशावर कारागिराला शागिर्द ठेवता येतो.

आपण काय करावे?

आधी आपल्या दुकानात कोणकोणते खुले प्रोग्रॅम चालतात याची यादी करा. मुलांना विचारा, ती दहा मिनिटांत सांगतील. ज्या प्रोग्रॅमची पैसे देऊन सेवा मिळते तिथे सेवा विकत घ्या, कारण तीही मदतच आहे आणि पक्के बिल हाती येते. जिथे देणगीच चालते तिथे वर्षाची एक तारीख आणि एक रक्कम ठरवा.

देण्यापूर्वी डोळे उघडे ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून पैसे पाठवू नका. प्रोग्रॅमचे स्वतःचे संकेतस्थळ शोधून तिथूनच पाठवा. संस्था वर्षाचा हिशेब छापते का ते पाहा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात ८०जी ची सवलत मिळत नाही. भारतातील संस्था असेल तर पावती आणि ८०जी चा दाखला विचारून घ्या. वहीत कोणत्या खात्याला टाकायचे ते सी.ए. ना विचारा. दरमहा आपोआप रक्कम कापून जायची असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे आधी बँकेत तशी मंजुरी नोंदवावी लागते. आम्हाला वर्षातून एकदाच पाठवणे सोयीचे वाटले.

पैसे देणे जमत नसेल तरी हातभार लावता येतो. मराठी किंवा उर्दू अक्षर कुठे चुकीचे दिसले तर चित्र काढून कळवा. चूक कळवणारे गिऱ्हाईक कारागिराला दुश्मन वाटत नाही, बशर्ते ते ओरडत नसेल. भारतात ‘फॉस युनायटेड’ ही ना-नफा संस्था असे काम करणाऱ्यांना एकत्र आणते. मुंबई-पुण्यात तिचे मेळावे होतात. शिकलेल्या मुलांनी तिथे जरूर जावे. आपल्या पोरांपैकी कोणी उद्या असा ताणा विणणारा निघाला, तर त्याच्या घरी चूल कशी पेटेल याचा विचार आजच झालेला बरा.

हे सर्व आम्ही बंधूंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मग विचारले, “जुना प्रोग्रॅम बंद पडला तेव्हा किती बुडाले होते?” आम्ही आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. सी.ए. खाते कोणतेही ठरवोत, पण घरच्या वहीत त्यांनी स्वतः पेन घेऊन ‘देणगी’ हा शब्द खोडला आणि त्या जागी लिहिले, ‘देखभाल खर्च, दरसाल.’